ट्रॅकवर पळवायची गाडी घरी बनवताय? कोणता पार्ट स्वतः करायचा, कोणता नाही : सविस्तर माहिती

आदिलाबाद : भंगारातून जुनी मारुती ८०० आणायची, आतला नको तो पत्रा काढून हलकी करायची आणि एक दिवस खऱ्या रेसिंग ट्रॅकवर नेऊन पळवायची. आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोरांच्या गप्पांत हा बेत हमखास निघतो. गाडी मिळते, इंजिनही सापडतं. काम अडतं ते पार्टपाशी. इंजिन मागे सरकवलं की त्याला धरणारं ब्रॅकेट दुकानात मिळत नाही. सीट खाली घेतली की जुने पाय बसत नाहीत. रेडिएटर आडवा केला की त्याची चौकट नवी लागते. हे सगळं बनवूनच घ्यावं लागतं.

आपल्या भागात बनवून देणारे हात कमी नाहीत. जिनिंगच्या मशीनचा शाफ्ट, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हुक, पंपाचा बुश ही लेथवाल्यांची रोजची कामं. पण ट्रॉलीचा हुक तुटला तर ट्रॉली रस्त्यात राहते, आणि शंभरच्या वेगात स्टिअरिंगचा रॉड तुटला तर माणूस राहत नाही. म्हणून कसं बनवायचं याआधी काय बनवायचं आणि काय नाही, हे ठरवावं लागतं. पेनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या वाचकांसाठी ही माहिती त्याच क्रमाने देत आहोत.

पहिला प्रश्न : हा तुटला तर काय होईल?

कागद घ्या आणि गाडीला लागणाऱ्या प्रत्येक नव्या पार्टपुढे या प्रश्नाचं उत्तर लिहा. तीन याद्या आपोआप तयार होतात.

पहिली यादी, तुटला तर फक्त गैरसोय होईल अशा पार्टची. स्विचची पट्टी, मीटरची चौकट, हवा आत घेणारा पत्र्याचा डक्ट, दाराचं आतलं पॅनेल. हे घरी करा. चुकलं तर पत्रा वाया जाईल, एवढंच. इथेच हात बसतो.

दुसरी यादी, तुटला तर गाडी उभी राहील अशा पार्टची. इंजिन माउंट, गिअरची लिंक, रेडिएटरचं ब्रॅकेट, सायलेन्सरचा हँगर. हे लेथवर आणि वेल्डिंगच्या दुकानात करून घेता येतात, पण ड्रॉइंग काढून. बॅटरीची बैठक आणि बॉनेटचं लॉकही याच यादीत धरा. दिसायला साधी कामं आहेत, पण सुटलेली बॅटरी शॉर्ट होऊन आग लावते आणि वेगात उघडलेलं बॉनेट समोरचं सगळं झाकतं.

तिसरी यादी, तुटला तर जीव जाईल अशा पार्टची. स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकचे सगळे भाग, हब, नकल, सस्पेन्शनचे आर्म, सीट आणि बेल्ट जिथे बांधतो त्या जागा, रोल केज, पेट्रोलची टाकी. यातलं जे कंपनीचं मिळतं ते कंपनीचंच घ्या आणि जसं आहे तसंच वापरा. कापून आखूड केलेला, गरम करून वाकवलेला किंवा मध्ये जोड देऊन लांब केलेला टाय-रॉड वापरू नका. गाडीची चौकट त्या पार्टला जुळवून घ्या, पार्टला चौकटीसाठी कापू नका.

अनुभवी मंडळी यामुळेच सगळी गाडी एकाच कंपनीच्या पार्टभोवती रचतात. मारुती ८०० देशात १९८३ पासून २०१४ च्या सुरुवातीपर्यंत बनत होती. तिचे हब, ब्रेक, स्टिअरिंग रॅक आजही सहज मिळतात. मिळणारा पार्ट स्वतः बनवण्यात शहाणपण नाही.

एका ब्रॅकेटवर किती जोर येतो?

“जाड पट्टी लाव, काही होत नाही” हे आपण ऐकतो. एकदा आकडा काढून पाहू.

समजा गाडी ड्रायव्हरसकट ७०० किलोची आहे. चांगल्या टायरवर कडक ब्रेक मारला तर गाडीच्या वजनाइतका, म्हणजे सुमारे ७०० किलोचा जोर रस्त्यावर लागू शकतो. ब्रेक मारताना भार पुढे येतो. त्यातला ६५ टक्के पुढच्या दोन चाकांवर धरला तर एका चाकावर सुमारे २२८ किलो.

चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे आणि ब्रेकचे पॅड डिस्कला मध्यापासून ९ सेंटिमीटरवर धरतात. जवळून धरायचं तर जोर जास्त लागतो. २२८ गुणिले २५ भागिले ९ म्हणजे साधारण ६३० किलो. कॅलिपरला धरणाऱ्या एका छोट्या ब्रॅकेटवर प्रत्येक कडक ब्रेकला जवळजवळ अख्ख्या गाडीइतका जोर येतो. तोही एकदा नाही, प्रत्येक वळणाआधी, दिवसभर.

आता याला तीनने गुणा. खड्डा, कंपन, वेल्डिंगमधली न दिसणारी चूक, गणितातली चूक या सगळ्यांसाठी ही मोकळीक लागते. म्हणजे हा भाग सुमारे १,९०० किलोसाठी बनवायला हवा. एवढं गणित केल्यावर बरेच जण डिस्क ब्रेक बदलण्याचा बेत सोडून कंपनीचंच नकल लावतात, आणि ते बरोबरच करतात.

जाडी वाढवण्याआधी आकार बदला

पार्ट मजबूत करायचा म्हणजे लोखंड वाढवायचं असं नाही. १५ मिलिमीटरचा भरीव रॉड घ्या. त्याच्या शेजारी २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडीचा पाइप ठेवा. दोन्हींत लोखंड तेवढंच, मीटरला सुमारे १.४ किलो. पण वाकायला पाइप रॉडपेक्षा साडेचारपट जड जातो. रेसच्या गाडीची चौकट पाइपची असते ती याच हिशेबाने.

ब्रॅकेटचंही तसंच. एका टोकाला धरलेली पट्टी दुप्पट लांब केली तर तेवढ्याच वजनाला ती आठपट वाकते. म्हणून ब्रॅकेट जितकं आखूड ठेवता येईल तितकं ठेवा. सपाट पट्टीऐवजी कडा दुमडलेला पत्रा वापरा, किंवा कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी द्या.

बोल्ट एका बाजूने धरलेला नको. ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये पार्ट बसवून बोल्ट आरपार जाऊ द्या. एका बाजूने धरलेला बोल्ट वाकतो, दोन्ही बाजूंनी धरलेला वाकत नाही. आतला कोपरा कधीही करवतीच्या टोकासारखा काटकोनी ठेवू नका, तिथे गोलाई द्या. तडा नेहमी अशा कोपऱ्यातूनच सुरू होतो.

माल कोणता घ्यायचा

पाइप : बाजारात तीन तऱ्हा दिसतात. जस्त चढवलेला जीआय पाइप पाण्यासाठी असतो, गाडीच्या चौकटीसाठी नाही. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो, ताप येतो आणि जोडही पोकळ राहतो. शिवण असलेला ईआरडब्ल्यू पाइप हलक्या कामाला चालतो. रोल केज आणि मुख्य चौकटीसाठी शिवण नसलेला सीमलेस पाइप घ्या, आणि दुकानदाराकडून मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.

शाफ्ट आणि पिन : लेथवाल्यांकडे ईएन ८ आणि ईएन २४ ही नावं चालतात. ईएन ८ मध्यम कार्बनचं, साध्या कामाचं. ईएन २४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं. उष्णता-प्रक्रियेनंतर ते बरंच ताकदवान होतं, पण घरच्या वेल्डिंगला योग्य नाही. “कोणतंही कडक लोखंड टाक” असं सांगू नका, नाव सांगून माल घ्या.

ॲल्युमिनियम : लोखंडाच्या जवळजवळ एक-तृतीयांश वजनाचं. ६०६१-टी६ हा प्रकार मशीनवर छान कापला जातो. पण त्यावर वेल्डिंग केलं की जोडाशेजारची ताकद बरीच उतरते आणि ती पुन्हा आणायला भट्टीतली प्रक्रिया लागते. म्हणून ॲल्युमिनियमचा पार्ट अखंड कापून बोल्टने बसवा.

बोल्ट : डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ मधला पहिला आकडा सांगतो की तो ८०० मेगापास्कलला तुटतो. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, तो कायमचा ताणला जात नाही. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट तिसऱ्या यादीच्या पार्टला लावू नका. चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसतो छान, पण ८.८ पेक्षा ताकदवान असतोच असं नाही.

थ्रीडी प्रिंट : आता हेही स्वस्त झालंय. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं. आदिलाबादच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेआड एवढं तापमान सहज होतं. मापाचा नमुना काढायला थ्रीडी प्रिंट उत्तम. इंजिनजवळ किंवा पेट्रोलच्या वाटेत नको.

पुठ्ठ्यापासून पार्टपर्यंत

पहिला पार्ट पुठ्ठ्याचा करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा खोक्याचा पुठ्ठा कापून जागेवर बसवा. बोल्टला पाना फिरवायला जागा आहे का, चाक पूर्ण वळल्यावर घासतं का, सस्पेन्शन वर-खाली झाल्यावर काय होतं, हे पुठ्ठ्यावर फुकटात कळतं.

मग ड्रॉइंग. कॉम्प्युटर येत नसेल तर आलेखाच्या कागदावर काढा. येत असेल तर फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ड्रॉइंगवर सगळी मापं एकाच कडेपासून द्या. एका भोकापासून दुसऱ्याचं, दुसऱ्यापासून तिसऱ्याचं असं दिलं तर प्रत्येक वेळची चूक साचत जाते. कोणतं माप अगदी अचूक हवं आणि कोणतं मिलिमीटरभर इकडे-तिकडे चालेल, हेही लिहा. सगळंच अचूक मागितलं तर खर्च वाढतो, काहीच सांगितलं नाही तर बेअरिंग सैल बसतं. बेअरिंग बसवायचं असेल तर लेथवर बेअरिंगच सोबत न्या. तोंडी सांगितलेल्या मापापेक्षा ते खरं.

गावातल्या लेथवर न होणारी कामं बाहेर करून घेता येतात. लेझर कटिंग, सीएनसी, पाइप वाकवणं यासाठी उत्तरेला नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसी आहेत. दक्षिणेला हैदराबादची बालानगर, जीडीमेटला ही औद्योगिक वसाहत आहे. दोन्हीकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. बालानगरलाच केंद्र सरकारची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही १९६८ पासूनची संस्था आहे. टूल डिझाइन आणि सीएनसीचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या पोरांनी ती माहीत करून घ्यावी. बाहेर काम देताना ड्रॉइंग पाठवा, फोनवर समजावत बसू नका. मराठी, तेलुगू, हिंदी यांच्या गोंधळात “दोन सूत” म्हणजे किती, यावर पार्ट बिघडतो. ड्रॉइंगवर मिलिमीटर लिहिलेलं सगळ्यांना कळतं.

वेल्डिंग आणि तपासणी

वेल्डिंग जमायला वेळ लागतो आणि चांगलं दिसणारं वेल्डिंग आतून धरलेलं असेलच असं नाही. दुसऱ्या यादीच्या कामाआधी त्याच मालाचे, त्याच जाडीचे दोन तुकडे जोडा. एक तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. जोड उघडला तर अजून सराव हवा. जोडाशेजारचं लोखंड वाकलं आणि जोड टिकला तर पुढे चला. तिसऱ्या यादीतली वेल्डिंगची कामं, म्हणजे रोल केज, बेल्टच्या जागा, सस्पेन्शनचे कान, मुरलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या.

वेल्डिंगनंतर डाय पेनेट्रंट तपासणी करा. आधी लाल रंगाचा द्रव फवारायचा, थोड्या वेळाने पुसायचा, मग पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. तीन डब्यांचा हा संच औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो. डोळ्याला न दिसणारा वरचा तडा त्यात दिसतो. प्रत्येक ट्रॅक-दिवसानंतर तीच तपासणी पुन्हा करा, कारण धातू एकदम तुटत नाही, थकत थकत तुटतो.

विद्यार्थ्यांच्या रेसची नियमावली : फुकटचं पाठ्यपुस्तक

एकट्याने अंदाज लावत बसण्यापेक्षा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्पर्धांचे नियम वाचा. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही स्पर्धा होते. विद्यार्थी तिथे स्वतः बनवलेली एका सीटची गाडी घेऊन येतात. मातीच्या वाटांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बाहा एसएई इंडिया आहे, ती मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला २००७ मध्ये सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांचे संघ या स्पर्धांत नियमाने उतरतात.

फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत स्टीलच्या मुख्य रोल हूपसाठी २५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडीचा पाइप लागतो. गाडी ६० अंशात तिरपी करून पाहतात. ती उलटता कामा नये, पेट्रोल-तेल गळता कामा नये. ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक व्हावी लागतात. ड्रायव्हरला बेल्ट सोडून ५ सेकंदांत बाहेर यावं लागतं. यातली शेवटची चाचणी तर आजही अंगणात करून पाहता येते. स्वतःच्या गाडीतून ५ सेकंदांत निघता आलं नाही, तर इंजिनाचं काम थांबवून आधी सीट आणि स्टिअरिंगची जागा सुधारा.

हे आपल्याकडे याआधी झालंय

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला. पुढची अनेक वर्षं ते ती सुधारत राहिले. गाडी चालली, पण बाजारात कधी आली नाही. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने फायबरग्लासच्या अंगाची, दोन सीटची रोडस्टर बनवली, तिला १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं. तिच्या रूपामागे १९५७ ची ब्रिटिश लोटस सेव्हन होती. त्याच लोटसच्या धाटणीची गाडी जुन्या फोर्डच्या पार्टांतून घरी कशी बांधायची, याचं रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये निघालं आणि घरगुती गाड्यांची मोठी लाट आली.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं उदाहरण कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांचं. १९८८ मध्ये त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका सीटची रेसिंग गाडी आणली. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन आणि स्वतःची पाइपची चौकट. परदेशी गाडी परवडत नाही म्हणून देशात सगळीकडे मिळणारं इंजिन घेतलं आणि जे मिळत नाही तेवढंच बनवलं. नारायण कार्तिकेयनची पहिली रेस याच गाडीतली. तोच पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय ड्रायव्हर झाला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे.

रस्त्यावर मात्र नाही

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली किक मारून चालू होणारी छोटी जीप २०२१ च्या डिसेंबरमध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं. पण त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल, हेही सांगितलं. बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. कौतुक आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ट्रॅकची गाडी ट्रेलरवर किंवा पिकअपमध्ये घालूनच न्यायची. रात्रीच्या महामार्गावर “जरा ट्रायल” घ्यायची नाही.

सीमेवरच्या लोकांसाठी आणखी एक. भंगारातली गाडी एमएच-२९, एमएच-२६ ची असो की टीजी-०१ ची, घेताना आरसी मागा आणि ज्या आरटीओत नोंद आहे तिथूनच ती रद्द करून घ्या. चॅसी नंबर असलेला तुकडा कापून फेकू नका, जपून ठेवा. कागद नसलेली स्वस्त गाडी दोन राज्यांच्या पोलिसांपुढे समजावून सांगणं महागात पडतं.

स्पर्धेत उतरायचं तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचं लायसन्स लागतं आणि तिच्या नियमांप्रमाणे गाडीची तपासणी होते.

ट्रॅकवर जाण्याआधी

– प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळा आणि नट-बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.
– खांद्याचे बेल्ट खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. खाली जमिनीकडे ओढलेले बेल्ट धडकेत पाठीचा कणा दाबतात.
– आग विझवायचा सिलिंडर बसल्या जागेवरून हाताला यायला हवा. बाहेरून वीज तोडणारा स्विच लावा.
– पहिली चाचणी बंद आवारात, मालकाच्या परवानगीने, २०-३० च्या वेगात घ्या. आधी फक्त ब्रेक, मग वळण, मग वेग.
– चाचणीनंतर तिन्ही याद्या काढून प्रत्येक पार्ट पुन्हा पाहा.

बनवलेला पार्ट वर्षभराने हातात घेऊन “हा का असा केला” हे सांगता यावं, म्हणून वही ठेवा. तारीख, माल, माप, कोणी वेल्डिंग केलं, कधी तपासलं. काही तुटलं तर तो तुकडा फेकू नका, वहीत नोंद करून तारखेसह डब्यात ठेवा. पुढचा पार्ट त्या तुकड्याकडे बघूनच बरोबर होतो.